पाय चालतात, हातांना काय मिळते?

‘मी रोज सकाळी भरभर चालतो. पायांचे ठीक, पण हातांच्या रक्तवाहिन्यांना त्यातून काही मिळते का?’ असे एका वाचकाने विचारले आहे. मिळते, आणि ते कसे मिळते हे दाखवणारा प्रयोग मला अतिशय देखणा वाटतो.

लिव्हरपूलमध्ये संशोधक डॅनियल ग्रीन, डिक थाइसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुणांकडून ८ आठवडे दोन्ही मुठी आवळण्याचा व्यायाम करून घेतला. व्यायाम दोन्ही हातांना सारखाच, पण एका हाताला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून त्यात ६० मिलिमीटर दाब भरलेला. स्नायूंचे काम तेवढेच राहिले, रक्ताची धाव मात्र मंदावली. मोकळ्या हाताची धमनी दुसऱ्या आठवड्यापासूनच जास्त प्रसरण पावू लागली. पट्ट्याच्या हाताच्या धमनीत काहीच बदल नाही! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवले की धमनीला व्यायाम घडवते ते वाहत्या रक्ताचे घर्षण.

हे घर्षण ओळखते धमनीच्या आतले पेशींचे एकपदरी अस्तर. ते नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि धमनी सैलावते. या अस्तराची करामत १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाडझ्की यांनी सशाच्या महाधमनीवर दाखवली. नायट्रिक ऑक्साइडच्या या शोधासाठी १९९८चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. १९८०च्या मूळ शोधनिबंधावर दोनच नावे आहेत, तरी झवाडझ्कीचा उल्लेख क्वचितच होतो. तो व्हायला हवा.

आता चालण्याकडे येऊ. पाय कामाला लागले की हृदय जास्त रक्त फेकते, अंग तापते, उष्णता बाहेर टाकण्यासाठी हातांच्या त्वचेकडेही रक्त धावते. त्यामुळे रिकाम्या हातांतही घर्षण वाढते. सायकलिंगच्या अशाच प्रयोगात मोकळ्या हाताची धमनी पहिल्या काही आठवड्यांत सुधारली, पट्ट्याखालची नाही.

मात्र सगळे लाभ अंगभर सारखे वाटले जात नाहीत. स्क्वॉश खेळाडूंच्या खेळत्या हाताची धमनी दुसऱ्या हातापेक्षा रुंद आढळली; धमनीच्या भिंती मात्र दोन्ही हातांत, न खेळणाऱ्यांच्या तुलनेत, सारख्याच पातळ होत्या.

तेव्हा चालणे चालूच ठेवा, हातांपर्यंत ते पोहोचते. हाताची धमनी रुंद करायची असेल, तर मात्र हातालाच काम द्यावे लागेल.