आपल्याकडे तोंड करून येणारी गाडी

गाडी आपल्यापासून लांब जात असते तोवर सगळं सोपं असतं. रिमोटचं चाक उजवीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे वळते. पण टोकाचं वळण घेऊन ती आपल्याकडे यायला लागली की तिचं उजवं ते आपलं डावं होतं. आरसी म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या छोट्या कारचा रिमोट पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास इथेच गाडी भिंतीवर घालतो. मीही घातली होती, १९९१ साली, इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. नोकरीनिमित्त तिथे तीन वर्षं होतो. दर गुरुवारी संध्याकाळी त्या हॉलमध्ये लाकडी पट्ट्या मांडून ट्रॅक तयार व्हायचा आणि पाच-पाच मिनिटांच्या शर्यती चालायच्या. १९९४ मध्ये परत आलो. गाडी खोक्यात गेली, खोकं पुण्याच्या घराच्या माळ्यावर गेलं.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे नॉटिंगहॅमला जाताना ते खोकं खाली काढलं. तिच्या घरापासून वीस मिनिटांवर असाच एक क्लब भरतो, हे तिनेच शोधून ठेवलं होतं. "बाबा, नुसते बघत बसू नका तिथे, चालवा," असं बजावून तिने मला दारात सोडलं.

चालकांच्या उंच फळीवर उभा राहिलो तेव्हा धाकधूक एकाच गोष्टीची होती, ती येणारी गाडी. घंटा झाली. गाडी सुटली, हॉलच्या टोकाला गेली, वळली आणि माझ्याकडे तोंड करून सुसाट आली. "आता उलटं फिरवायचं" हा विचार डोक्यात उमटायच्या आत मनगटाने चाक उलटं फिरवलेलंही होतं. तीस वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट हाताने मला न विचारता केली.

हे किती अवघड आहे ते समजायला थोडं गणित लागेल. एक दशांश मापाची गाडी लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत दहापट लहान, म्हणजे आकारमानाने हजारपट लहान. खऱ्या मोटारीचं वजन दीड टन धरलं तर हिचं दीड किलो यायला हवं, आणि साधारण तेवढंच भरतं. गुरुत्वाकर्षण मात्र कोणासाठी लहान होत नाही. मोटारीच्या टपाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, वस्तू पडायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. या गाडीच्या टपावरून, पंधरा सेंटीमीटरवरून, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. थोडक्यात, छोट्या गाडीच्या जगात घड्याळ तिप्पट वेगाने धावतं. उसळणं, घसरणं, उलटणं, सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात उरकतं. (सिनेमात छोट्या प्रतिकृतींचे अपघात जास्त फ्रेम घेऊन संथ करून दाखवतात ते याचसाठी. नाहीतर खेळणं आहे हे लगेच उघडं पडतं.)

आता माणसाकडे बघा. डोळ्यांना काही दिसून हात हलेपर्यंत सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. हॉलमधली गाडी ताशी ३० किलोमीटरने पळत असेल तर तेवढ्यात ती पावणेदोन मीटर पुढे जाते. स्वतःच्या लांबीच्या चौपट. म्हणजे गाडी घसरलेली बघून मग सावरायला गेलात तर ती केव्हाच पट्टीवर आदळलेली असते. घसरणार हे आधीच कळावं लागतं. हे काम प्रामुख्याने लहान मेंदू करतो. हाताने दिलेल्या आज्ञेचा परिणाम काय होईल याचा अंदाज तो आधीच बांधून ठेवतो, प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून बघतो आणि चूक निघाली की अंदाज दुरुस्त करतो. शेकडो फेऱ्या मारून आपण खरं तर हा अंदाज घासूनपुसून घेत असतो.

असं शिकलेलं कुठे साठतं याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तिच्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला आणि त्याची नवी आठवण साठवण्याची क्षमताच गेली. सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आरशात दिशा उलटते, हात भलतीकडे जातो. तीन दिवस हा प्रयोग चालला. दर वेळी मोलेसनला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय, पण त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. प्रसंगाची आठवण आणि हाताचं कसब मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे त्या चांदणीने दाखवून दिलं. माझ्याकडे येणारी गाडी म्हणजे त्या आरशाचीच बहीण.

तेव्हा दिशा हाताला पक्की आठवत होती. वेग मात्र वयाने खाल्ला होता. विशीनंतर प्रतिक्रिया हळूहळू मंदावत जाते आणि माझी तर साठी झाली. पहिल्या शर्यतीत दहा जणांत नववा आलो. दहाव्याची गाडी सुरूच झाली नव्हती.

हाताचं हे असं. डोक्यात जपून ठेवलेलं ज्ञान मात्र घातक निघालं. शर्यत संपल्यावर मी गाडी टेबलावर उलटी ठेवली आणि चाकं फिरत ठेवली, बॅटरी पार संपावी म्हणून. शेजारच्या टेबलावरचा पंचविशीतला मुलगा ओरडलाच, "अहो काका, काय करताय, बंद करा ते!" (तो इंग्रजीत ओरडला आणि 'काका' म्हणाला नाही. पण सूर तोच होता.)

आमच्या काळी हेच शिस्तीचं लक्षण होतं. तेव्हा निकेल-कॅडमियमचे सेल असायचे. प्रत्येकी १.२ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक डाग देऊन जोडायचे, ७.२ व्होल्ट. चांगला पॅक १७०० मिलिअँपिअर-तासांचा. तो पाच मिनिटांत संपवायचा म्हणजे सरासरी वीस अँपिअर ओढायचे, सुमारे १४५ वॉट. गाडीच्या वजनाला हजाराने गुणलं तसं यालाही गुणा, १९० अश्वशक्तीच्या वर जातं. त्यातली बरीच मोटर तापण्यात जायची, तरी दीड किलोच्या गाडीला उरलेली पुष्कळ होती.

या सेलची खोड अशी की अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केले तर न वापरलेल्या कॅडमियमचे स्फटिक मोठे होत जातात, रासायनिक क्रियेला पृष्ठभाग कमी पडतो आणि व्होल्टेज लवकर बसतं. लोक याला 'मेमरी' म्हणत. म्हणून शर्यत झाली की मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब पॅकला जोडून ठेवायचा. बल्ब विझत आला की पॅक रिकामा. तसाच रिकामा पॅक पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवला तरी त्याला काही होत नसे. चार्ज करताना तळहात लावून बघायचा. पूर्ण भरल्यावर आत येणारी वीज ऑक्सिजन तयार करण्यात आणि तो पुन्हा मुरवण्यात जाते, त्याची उष्णता होते. सेल कोमट लागला की झालं.

आता गाडीत असते ती लिथियम-पॉलिमर, लिथियम-आयनचीच पिशवीबंद बहीण. दोनच सेल, मिळून ७.४ व्होल्ट, आणि ६००० मिलिअँपिअर-तास अगदी सहज. साधारण तेवढ्याच वजनात माझ्या जुन्या पॅकच्या साडेतीनपट ऊर्जा. पण नियम सगळे उलटे. सेलमागे तीन व्होल्टच्या खाली उतरायचं नाही. फार खाली गेलं तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे बसून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. ४.२ च्या वरही न्यायचं नाही. वर गेलं की लिथियम धातूच्या रूपात साचतं, धन टोकाच्या द्रव्यातून ऑक्सिजन सुटतो, आतला द्रव ज्वालाग्राही असतो, आणि पिशवी पुरीसारखी फुगते. पुरीवर थांबली तर नशीब. ठेवून द्यायची तर पूर्ण भरूनही नाही, रिकामी करूनही नाही. सेलमागे ३.८ व्होल्ट, म्हणजे निम्म्यावर. क्लबात प्रत्येक जण चार्जिंगसाठी आग न पकडणारी पिशवी वापरत होता आणि सेलगणिक व्होल्टेज सारखं ठेवणारी बारीक वायर लावल्याशिवाय कोणी चार्जर सुरू करत नव्हतं.

माझ्या गाडीत आता बसवलेल्या नव्या स्पीड कंट्रोलरमध्ये बॅटरी ठरलेल्या पातळीवर तोडण्याची सोय असते. सुरुवातीला तो विचारतो, बॅटरी कुठली? मी जुन्या सवयीने 'निकेल' निवडलं होतं, म्हणजे राखणदाराला मीच सुट्टी दिली होती. मोजलं तर एक सेल २.९ वर गेला होता. वाचला.

गंमत अशी की मी लेस्टरला बल्ब लावून पॅक रिकामे करत होतो त्याच १९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यातलं कोबाल्ट ऑक्साइडचं धन टोक १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने ऑक्सफर्डला शोधलं होतं, माझ्या हॉलपासून फार लांब नाही. २०१९ मध्ये गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना लिथियम-आयन बॅटरीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९१ मध्ये आमच्यापैकी कोणाला या बॅटरीची कुणकुणही नव्हती.

रेडिओची कथा मात्र निव्वळ सुखाची आहे. जुना रिमोट २७ मेगाहर्ट्झवर चाले. तरंगलांबी अकरा मीटर, म्हणून रिमोटला हातभर लांब ओढून काढायची अँटेना आणि गाडीच्या पाठीवर नळीत खोवलेली तार. प्रत्येक वारंवारितेचा वेगळा क्रिस्टल, त्याला रंग: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. भिंतीवरच्या फळीला त्या रंगांचे चिमटे असायचे. तुमच्या रंगाचा चिमटा हातात असल्याशिवाय रिमोट सुरू करायचा नाही. कोणी विसरून केलाच तर शर्यतीतली भलतीच गाडी वेडी होऊन भिंतीकडे धावायची आणि हॉलभर "लाल कोणी लावलाय?" असा ओरडा व्हायचा. आता सगळे २.४ गिगाहर्ट्झवर. तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर, अँटेना बोटभरसुद्धा नाही. वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात आहेत, पण संदेश एका वारंवारितेवर न बसता पट्ट्यात पसरतो किंवा उड्या मारत राहतो, आणि रिसीव्हर फक्त आपल्या रिमोटची ओळखखूण असलेला संदेश ऐकतो. चिमट्यांची फळी गेली. खरं सांगायचं तर मला तिची थोडी आठवण येते. तिच्यापाशी उभं राहूनच लोकांशी ओळखी व्हायच्या.

मोटरबद्दल थोडक्यात. कार्बनचे ब्रश गेले, ठिणग्या गेल्या, कॉम्युटेटर घासायची छोटी लेथ गेली. आता फिरतो तो चुंबक, गुंडाळ्या बाहेर स्थिर, आणि कुठल्या गुंडाळीत केव्हा वीज सोडायची ते इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. फेऱ्या मोजायला आम्ही कागद-पेन घेऊन बसायचो. आता गाडीतली चिप ट्रॅकच्या गालिच्याखालच्या तारेवरून गेली की सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ पडद्यावर येते.

आणि स्क्रू! वीस मीटरवरची गाडी मला स्वच्छ दिसते. हातातला दोन मिलिमीटरचा स्क्रू दिसत नाही. चाळिशी लागली तेव्हाच डोळ्यातलं भिंग ताठर झालं होतं, ते काही कुठल्या सरावाने मऊ होत नाही. नाकावर चष्मा, कपाळावर दिवा अशा अवतारात मी दुरुस्ती करतो. आसपास बघितलं तर निम्मे टेबलवाले त्याच अवतारात. तामियाने १९८४ ची 'हॉर्नेट' २००४ मध्ये पुन्हा बाजारात आणली ती कोणाच्या खिशावर डोळा ठेवून, ते मला त्या हॉलमध्ये कळलं.

पुण्याच्या माळ्यावर त्या खोक्यात जुना निकेल-कॅडमियम पॅक तसाच निघाला होता, टोकांवर पांढरी पूड साचलेली. आतलं पोटॅशिअम हायड्रॉक्साइड झिरपून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावलं की ती पूड तयार होते. कॅडमियम विषारी आहे, मूत्रपिंडात साठून राहतं. युरोपने २००६ च्या निर्देशानुसार असे सेल घरगुती वापरातून जवळपास हद्दपार केले. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तुमच्याही माळ्यावर जुनी रिमोटची गाडी, कॉर्डलेस ड्रिल किंवा इमर्जन्सी दिवा पडून असेल तर गाडी जरूर खाली काढा. तिच्यातला पॅक मात्र "चालतोय का बघू" म्हणून चार्जरला लावू नका आणि घंटागाडीतही टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा, पिशवीत घाला आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर देऊन या.