दहा किलोंचं कास्टिंग, शंभर किलोंचा ताण

भोसरीपासून इचलकरंजीपर्यंत कुठल्याही लहान मशीन शॉपमध्ये हे काम दिसतं. क्रेट जमिनीवर टेकलेला असतो. हेल्पर वाकून त्यातलं कास्टिंग उचलतो, उचलता उचलताच बाजूला वळतो आणि ते मशीनच्या फिक्स्चरवर ठेवतो. मिनिटाला एक, पाळी संपेपर्यंत. कास्टिंग दहा किलोंचं. एवढी पिशवी आपण बाजारातून घरी आणतोच की! मग या माणसाची कंबर का धरते?

हात पुढे ताणून धरलेलं कास्टिंग कण्याच्या तळाशी असलेल्या मणक्यांपासून साधारण ५० सेंटिमीटर दूर असतं. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. पहारीने दगड उचकटताना लांब बाजू आपल्या हातात असते. इथे ती ओझ्याच्या वाट्याला गेली आहे. त्यामुळे दहा किलो तोलायला स्नायूंना शंभर किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. शिवाय वाकलेल्या माणसाचं डोकं, हात आणि धड, म्हणजे शरीराचं निम्म्याहून अधिक वजन, त्याच स्नायूंना पेलावं लागतं. म्हणून जमिनीवरचा नुसता नट उचलतानाही पाठीवर मोठा ताण येतो. हा दाब सोसते मणक्यांमधली गादी. मोठ्या माणसात या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, पोषण आजूबाजूने झिरपत येतं. त्यामुळे झालेली इजा लवकर भरून येत नाही.

किती वजन उचलणं बरं, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९८१ मध्ये एक सूत्र मांडलं आणि १९९१ मध्ये ते सुधारलं. सगळं मनासारखं असेल तर मर्यादा २३ किलो. वस्तू शरीरापासून जितकी लांब, जमिनीच्या जितकी जवळ, वळणं जितकं जास्त आणि फेऱ्या जितक्या झटपट, तितकी ती मर्यादा खाली येते. आपल्या हेल्परचा हिशेब करून बघू. क्रेटमध्ये हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर, कास्टिंग ५० सेंटिमीटर पुढे, ४५ अंश वळणं, फिक्स्चरची उंची ८५ सेंटिमीटर, मिनिटाला एक फेरी, आठ तासांची पाळी आणि पकड मध्यम. मर्यादा निघते सुमारे ५ किलो! म्हणजे तो दिवसभर दुप्पट ओझं उचलतोय.

आता क्रेटखाली सिझर टेबल किंवा स्प्रिंगवर वर येणारा प्लॅटफॉर्म ठेवा. कास्टिंग ७५ सेंटिमीटरवर येतं. क्रेटची पुढची बाजू उघडी ठेवली, की ते शरीरापासून ३० सेंटिमीटरवर मिळतं. क्रेट फिक्स्चरच्या रांगेत लावला तर वळावंही लागत नाही. तेच सूत्र आता १४ किलो सांगतं. माणूस तोच, कास्टिंग तेच.

बहुतेक ठिकाणी मात्र होतं काय, तर भिंतीवर ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ असं चित्र लागतं आणि सुपरवायझर एक भाषण देतो. वजन उचलण्याच्या प्रशिक्षणावर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. अशा शिकवणीमुळे पाठदुखी टळते, असं त्यातून दिसलं नाही. मला यात नवल वाटत नाही. क्रेट जमिनीवर असेल तर वाकण्यावाचून गत्यंतरच नसतं, आणि दिवसातून चारशे वेळा गुडघे मोडून बसणं कुणाच्याही गुडघ्यांना झेपत नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रँक गिल्ब्रेथ या अमेरिकन माणसाने हे ओळखलं होतं. तो स्वतः गवंडीकाम शिकलेला. एकेक वीट उचलायला गवंडी आपलं सगळं अंग खाली नेतो आणि पुन्हा वर आणतो, हे त्याला खटकलं. त्याने भिंतीबरोबर वर सरकणारी परांची बनवली, विटा आणि मसाला कमरेच्या उंचीवर ठेवला. एका विटेमागच्या हालचाली १८ वरून ५ वर आल्या. एका गवंड्याच्या तासाला १२० विटा लागायच्या, त्या ३५० लागू लागल्या. आपल्याकडे आजही बहुतेक बांधकामांवर विटांचा ढीग पायाशीच असतो.

उंचीचा हाच प्रश्न बेंचवर उभ्याने करायच्या कामातही येतो. बेंचच्या उंचीचं मोजमाप कोपरापासून सुरू होतं. हलकी जोडणी कोपराच्या थोडी खाली, जोर लावायचं काम त्याहून खाली, बारीक नजरेचं काम कोपराच्या थोडं वर. बेंच उंच पडला की खांदे उचललेलेच राहतात. सतत आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून हात हलत नसला तरी भरून येतो. पहिल्या पाळीला उंच फिटर आणि दुसऱ्या पाळीला ठेंगणी ऑपरेटर असेल, तर बेंच उंच माणसाच्या मापाने करावा आणि तिला उभं राहायला रुंद, न डगमगणारा प्लॅटफॉर्म द्यावा. तिच्या हातातली एअर गन बॅलन्सरला टांगली, की गनचं वजनही तिच्या मनगटावरून उतरतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं यासाठी सोय ठेवावी, असं कलम घातलं गेलं. त्या स्टुलाची आठवण आज किती मालकांना आहे?

माझी खरी काळजी मात्र पुढची आहे. सिझर टेबल आलं, काम सोपं झालं, की टाइम स्टडीवाला घड्याळ घेऊन येतो आणि टार्गेट वाढतं. वरच्या हिशेबात उंची, अंतर सगळं सुधारलेलंच ठेवा, फक्त मिनिटाला एकाऐवजी सहा कास्टिंग उचलायला लावा. मर्यादा १४ किलोंवरून पुन्हा सुमारे ५ वर येते. टेबलाने दिलेलं सगळं वेगाने खाल्लं, आणि दहा किलोंचं कास्टिंग पुन्हा दुप्पट जड झालं. म्हणून टार्गेटच्या कागदावर नवा आकडा लिहिण्याआधी हेच सूत्र पुन्हा मांडावं, आणि ते मांडताना हेल्परला शेजारी बसवून घ्यावं. पाळीच्या शेवटच्या तासाला त्याचे हात कास्टिंगपर्यंत कसे पोचतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.