सायकल नंतर, आधी रस्ता!

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना घाईत गेलेले आकडे इथे नीट लिहून काढलेत.)

सुरुवातीलाच एक विनंती. हा भाग सायकल चालवताना ऐकू नका. मागून काय येतंय हे रस्त्यावर डोळ्यांच्या आधी कानांना कळतं, त्यामुळे सायकलवर असाल तर इअरफोन बॅगेत. बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, तर चालू द्या.

तर, एका श्रोत्याचा मेसेज आलाय. राहतो कोथरूडला, ऑफिस बाणेरला. बजेट १५ ते २० हजार. ‘ऑफिसला सायकलने जायचंय, यातली कोणती घेऊ?’ सोबत तीन फोटो. तिन्ही सायकलींना जाडजूड टायर, पुढे सस्पेन्शन, फ्रेमवर ही एवढी मोठी अक्षरं. दिसायला एकदम भारी. पण मित्रा, उत्तर या फोटोंमध्ये नाहीये. ते कोथरूड ते बाणेर या रस्त्यात आहे.

घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणेलच, ‘आमच्या वेळी अख्खं पुणं सायकलवर होतं, कुणाला लागले होते गिअर?’ खरंय ते. पण ते पुणं केवढं होतं बघा. पेठेतून निघायचं, नदी ओलांडायची, की डेक्कन. तीन-चार किलोमीटर, त्यातही बराचसा सपाट रस्ता. त्या रस्त्याला ती काळी, दणकट, बिनगिअरची सायकल अगदी चोख होती. (त्यातल्या अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला. नेमका जागतिक सायकल दिन. नशीब म्हणतात ते हे.) आता शहर टेकड्या ओलांडून पलीकडे गेलंय. कोथरूडहून बाणेरला जायचं तर एक रस्ता पौड रोडने चांदणी चौक, तिथून बावधन, पाषाण. दुसरा सेनापती बापट रोडने विद्यापीठ चौक आणि मग बाणेर रोड. साधारण १० किलोमीटर, आणि दोन्हींत चढ आहे. तो चुकत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी एक काम करा. कुणाची तरी सायकल मागून घ्या आणि रविवारी सकाळी हा रस्ता एकदा जाऊन या. कुठे उतरून ढकलावी लागली, कुठे दम लागला, कुठे रस्ता खराब आहे, डोक्यात नोंदवून ठेवा. मग एखाद्या कामाच्या दिवशी, ऑफिसच्याच वेळेला, तोच रस्ता बसने किंवा गाडीवरून डावी कड बघत जा. रविवारचा पौड रोड आणि मंगळवारी सकाळी साडेनऊचा पौड रोड हे दोन वेगळे रस्ते आहेत.

आता गिअरचं बघू, कारण दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बिनगिअरच्या सायकलला पायडलपाशी ४४ दाते आणि मागच्या चाकाला १८ दाते असतील, तर पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. मोठ्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्यात तुम्ही पाच मीटरच्या वर पुढे जाता. सपाटीला हे मस्त. चढावर मात्र तेवढंच अंतर स्वतःचं वजन वर चढवत कापायचं असतं, म्हणून मांड्या भरून येतात. गिअरच्या सायकलला पुढे लहान चक्र २८ दात्यांचं आणि मागे मोठं चक्रही २८ चं असेल, तर पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. दोन मीटर आणि थोडं. पाय भराभर फिरतात, वेग कमी होतो, पण उतरावं लागत नाही. गिअरचं काम एवढंच. तुमची ताकद वाढत नाही, तिचे लहान-लहान हप्ते पडतात.

मग ‘२१ गिअर’ लिहिलंय म्हणजे २१ वेगवेगळे वेग का? नाही. पुढे ३, मागे ७, त्यांचा गुणाकार आहे तो. त्यातले बरेच गिअर एकमेकांसारखेच निघतात. आपल्या श्रोत्याच्या रस्त्याला पुढे दोन आणि मागे सात असले तरी चालेल. दुकानदाराला आकडा विचारू नका, सगळ्यात हलका गिअर लावून दाखवायला सांगा. तुम्ही सपाट रस्त्याचे असाल, म्हणजे समजा हडपसरहून मगरपट्टा, तर गिअर घेऊच नका. निगा कमी, पैसे कमी.

सस्पेन्शनबद्दल माझं मत ठाम आहे: या बजेटमध्ये नको. स्वस्त सायकलचं पुढचं सस्पेन्शन म्हणजे दोन किलोच्या वरचं ओझं. चढावर उभं राहून पायडल मारलं की ते खाली-वर होतं, आणि तुमची ताकद चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जाते. ‘पण खड्डे?’ खड्ड्यांवर उपाय टायरमध्ये आहे. ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा टायर घ्या आणि हवा जरा बेताची ठेवा. टायरच्या कडेवर हवेचा आकडा छापलेला असतो, कमीत कमी इतका आणि जास्तीत जास्त इतका, त्या दोहोंच्या मध्ये. डोंगरातल्या सायकलींचे दोन इंची, खाचांचे टायर डांबरावर नुसते घूं घूं आवाज करतात आणि दमवतात. थोडक्यात तुम्हाला जी सायकल हवी आहे तिला दुकानात ‘हायब्रिड’ म्हणतात. सरळ हँडल, सस्पेन्शन नसलेला पुढचा फोर्क, मध्यम टायर. १५ ते २० हजारांत बरी मिळते. सेकंडहँडही बघा. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली आज गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी येतायत.

फ्रेमचं माप मात्र ऑनलाइन ठरवू नका. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून सायकलवर उभे राहा, मधला दांडा आणि तुमच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. मग सीटची उंची. आपल्याकडे नव्वद टक्के लोक सीट खाली ठेवतात, का, तर सिग्नलला बसल्या बसल्या पाय टेकवता यावेत. (नव्वद हा माझा अंदाज, उद्या सिग्नलला उभे राहून मोजा.) त्यामुळे गुडघा कायम दुमडलेला राहतो, आणि आठवडाभरात ‘सायकलने गुडघे दुखतात’ असा निष्कर्ष निघतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला हलकासा बाक राहतो. थांबताना सीटवरून उतरायची सवय लावून घ्यायची. दोन दिवस विचित्र वाटतं, मग विसरायला होतं.

जाता जाता ब्रेक तपासा. उजव्या हाताचा पुढचा की मागचा, हे सगळ्या सायकलींना सारखं नसतं. गाडीची सवय उजवा म्हणजे पुढचा अशी असेल, तर दुकानातच तसं बदलून घ्या. घाईच्या क्षणी हात विचार करत नाहीत.

पैशांचं खरं सांगू? पेट्रोल वाचतं, पण फार नाही. जाऊन-येऊन २० किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज ४५, पेट्रोल १०० रुपये लिटर धरा. दिवसाला ४५ रुपये होतात. महिन्याचे २२ दिवस रोज सायकल चालवली तरी हजाराच्या आसपास. म्हणजे १८ हजारांची सायकल वसूल व्हायला दीड वर्ष, वर कुलूप, दिवे, हेल्मेटचा खर्च वेगळा. फक्त पैशांसाठी घेत असाल तर राहू द्या. दिवसातली दीड तास हालचाल हवी असेल, ट्रॅफिकमध्ये बसून डोकं तापत असेल, तर घ्या.

चढाची धास्तीच असेल तर इलेक्ट्रिक सायकलचा पर्याय आहे. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि गाडी फार जड नसेल, तर लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर विकत घेण्याआधी ती उचलून बघा. फक्त एकदा.

आता तयारी. सायकलचा उत्साह पाय थकल्यामुळे संपतो असं मला वाटत नाही. तो संपतो ऑफिसच्या दारात. घामाने चिंब होऊन तुम्ही पोचलात, साडेदहाला मीटिंग आहे, आणि गेटवरचे काका म्हणतात, ‘सायकलला जागा नाही, बाहेर लावा.’ हा प्रसंग आधीच निस्तरून ठेवायचा. आठवडाभर आधी त्या काकांशी बोला, नाव विचारा, चहा पाजा. अ‍ॅडमिनला मेल करा की सायकल बांधायला एक खांब किंवा रेलिंग हवं. एकट्याने मागितलं तर टाळतील, तिघांनी मागितलं तर देतील. कुलूप जाड, यू आकाराचं घ्या आणि ते फ्रेममधून आणि चाकातून त्या खांबाला अडकवा. बारीक वायरचं कुलूप पक्कडीने तुटतं. सोमवारी बसने जाताना दोन-तीन शर्ट, पँट, टॉवेल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवा. पोचलात की पाच-दहा मिनिटं नुसते थांबा, घाम सुकू द्या, मग तोंड-हात-मान ओल्या टॉवेलने पुसा आणि कपडे बदला. लगेच बदललेत तर नवा शर्टही भिजतो.

लॅपटॉप पाठीवर नको. पाठ भिजते आणि खांदे भरतात. कॅरिअर बसवून घ्या आणि त्याला बाजूने पिशवी अडकवा. दूधवाले किटल्या पाठीवर नाही लावत, बाजूला लावतात. त्यांना कळतं.

पंक्चर घरीच एकदा काढून बघा. चाक उतरवायचं, टायर चिमट्याने सोडवायचा, ट्यूब बदलायची. जास्तीची ट्यूब, चिमटे, हातपंप एवढं सोबत असू द्या. आणि व्हॉल बघून घ्या. गाडीसारखा जाड व्हॉल असेल तर कुठेही हवा भरता येते. बारीक, लांबट असेल तर पेट्रोल पंपावरच्या नळीला तो बसत नाही, त्यासाठी छोटी पितळी टोपी मिळते. स्वस्त असते, ती आठवणीने घ्या.

रस्त्यावर नव्या माणसाला वाटतं, जितकं कडेला तितकं सुरक्षित. उलट आहे. अगदी कडेला वाळू असते, ड्रेनेजची झाकणं असतात, थांबलेल्या गाड्यांची दारं अचानक उघडतात. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो घासून जातो. कडेपासून हातभर तरी आत, सरळ रेषेत चालवा. दोन गाड्यांच्या फटीतून आत-बाहेर करू नका. पीएमपीएमएलची बस स्टॉपकडे वळत असेल तर तिच्या डावीकडे कधीही घुसू नका, ड्रायव्हरला तिथे तुम्ही दिसत नाही. तिच्या मागे थांबा. अर्धा मिनिट जाईल. संध्याकाळी मागे लाल दिवा हवाच, आणि हेल्मेट, कायदा सायकलला ते मागत नसला तरी.

पहिल्याच आठवड्यात पाच दिवस नको. दोन दिवस पुरे, मध्ये एखाद-दोन दिवस सोडून. १० किलोमीटरला सुरुवातीला ५० मिनिटं धरा, महिन्याभरात ४० वर येतील. जमलं नाही त्या दिवशी बसने जायचं, त्यात अपराधी वाटून घ्यायचं नाही.

आणि शेवटचा प्रश्न, ‘पावसाळ्यात काय?’ दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड लावून घ्या, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली. चेनला आठवड्यातून एकदा पुसून तेल. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर त्यातून जाऊ नका, खाली काय आहे दिसत नाही. मुसळधार असेल त्या दिवशी सायकल घरीच राहू दे.

सायकल घेतलीत की फोटो पाठवा. अक्षरं लहान असली तरी चालतील. भेटू पुढच्या भागात.