भूसंपर्काचे दोन प्रकार
शाळेच्या पंपाच्या लोखंडी कवचास आतील जिवंत तार चिकटल्यास स्पर्श करणाऱ्यास धक्का बसतो. म्हणून कवच तारेने भूमीस जोडतात. यासच अर्थिंग म्हणतात. काही ठिकाणी ही तार रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत अखंड जाते. तेथे दोष होताच प्रचंड प्रवाह वाहून फ्यूज तत्काळ वितळतो. जेथे केवळ आवारातील अर्थिंगचा खड्डा असतो, तेथे प्रवाह मातीतूनच परततो. या मार्गाचा रोध २० ओहम असल्यास २३० व्होल्ट दाबाने साडेअकरा अँपिअरच प्रवाह वाहतो; १६ अँपिअरचा फ्यूज वितळत नाही आणि कवच धोकादायकच राहते. उन्हाळ्यात माती सुकली की रोध वाढतो. यास्तव खड्डा ओला ठेवावाच. शिवाय गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जाणकाराकडून अवश्य बसवून घ्यावा.