नियम बदलला, आणि त्याने सराव सुरू केला

धंद्यातला एखादा नियम बदलला की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "थांबू जरा, बाकीचे काय करतात ते बघू." आज अशा एका माणसाची गोष्ट सांगतो, जो थांबला नाही.

नाव एडी कोकम्स. आडनाव वाचून सोलकढी आठवली तरी चालेल, तेवढंच लक्षात राहील! हा अमेरिकन फुटबॉलचा कोच. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. यात लांबट चेंडू हातात धरून समोरच्या टीमच्या गर्दीत घुसायचं असतं. या घुसाघुशीत खेळाडूंचे जीव जायला लागले, तेव्हा १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ साली नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला, म्हणजे 'फॉरवर्ड पास'ला, परवानगी मिळाली.

पण अट बघा. फेकलेला चेंडू कुणालाही न लागता जमिनीवर पडला, तर तो थेट समोरच्या टीमकडे. म्हणजे एक चूक आणि हातातला माल दुसऱ्याच्या दुकानात! त्यामुळे बऱ्याच कोचांनी या नियमाला हातच लावला नाही.

कोकम्स तेव्हा नॉर्थ डकोटा आणि क्लेमसनच्या कॉलेजांत काम करून सेंट लुईस युनिव्हर्सिटीत आला होता. हार्वर्ड-येलसारखं मोठं नाव पाठीशी नव्हतं. त्याने काय केलं? सीझनच्या आधीच उन्हाळ्यात टीमला विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूला इथे नेलं आणि हा पास घोटून घेतला. चेंडू कसा धरायचा, कसा फिरवत फेकायचा, सगळं.

५ सप्टेंबर १९०६. समोर कॅरोल कॉलेज. ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला पास फेकला... आणि तो खाली पडला! चेंडू कॅरोलकडे गेला. आपण असतो तर म्हणालो असतो, "बघा, सांगितलं होतं ना!" पण त्याच मॅचमध्ये रॉबिन्सनने पुन्हा पास फेकला, जॅक श्नायडरने तो घेतला आणि टचडाउन झालं. सेंट लुईस २२-० ने जिंकलं. त्या सीझनमध्ये अकराच्या अकरा मॅच त्यांनी मारल्या. एकूण गुण ४०७, आणि विरुद्ध फक्त ११!

आता दुसरी बाजूही ऐका. पासचं खरं नाव झालं १९१३ मध्ये, नोत्र दामने आर्मीला ३५-१३ ने हरवलं तेव्हा. ती मॅच न्यूयॉर्क राज्यात, मोठ्या वर्तमानपत्रांच्या नजरेसमोर झाली. सेंट लुईस त्यांच्यापासून लांब. नोत्र दामच्या न्यूट रॉकनी यांनी पुढे स्वतः कोकम्सचं श्रेय मान्य केलं, पण लोकांच्या तोंडी नोत्र दामच राहिलं.

म्हणून आजचा होमवर्क दोन ओळींचा. वही काढा. एक, तुमच्या लाइनमध्ये नुकताच कुठला नियम बदललाय आणि गिऱ्हाईक यायच्या आधी त्याचा सराव तुम्ही कधी करणार, तारीख लिहा. दोन, तुम्ही जे नवीन करताय ते गिऱ्हाइकाला कोण सांगणार, त्याचं नाव लिहा. दुसरी ओळ कोरी सोडू नका.