एका ताटातले, एका खोलीतले

मित्राला इंग्रजीत ‘फ्रेंड’ म्हणतात, हे आपण शाळेत घोकले. पण इंग्रज किंवा ऑस्ट्रेलियन माणूस समोर आलेल्या दोस्ताला ‘ए फ्रेंड’ अशी हाक क्वचितच मारतो. त्यासाठी त्याचे ‘पॅल’, ‘चम’, ‘मेट’, ‘बडी’ असे वेगळेच शब्द असतात. शब्दकोशाने त्यांच्यापुढे ‘बोलभाषेतील’ असा शेरा मारून त्यांना ओटीवरच बसवलेले असते.

यांतला ‘पॅल’ आपल्या नात्यातला निघतो. शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेलेल्या रोमानी लोकांच्या, म्हणजे इंग्रज ज्यांना जिप्सी म्हणत त्यांच्या बोलीत भावाला ‘फ्राल’ किंवा ‘प्राल’ म्हणतात. सतराव्या शतकात तो इंग्रजीत शिरून ‘पॅल’ झाला. त्याचे कूळ संस्कृत ‘भ्रातृ’चे, आणि आपला ‘भाऊ’ही त्याच कुळातला. रिक्षावाल्याला आपण ‘ओ भाऊ’ म्हणतो, तो भाऊ आणि लंडनचा पॅल हे चुलत चुलत का होईना, भाऊबंदच. गंमत अशी, की ज्यांना देशाबाहेर घालवण्यासाठी इंग्लंडने १५३० साली कायदा केला, त्यांच्याकडूनच इंग्रजांनी दोस्तीचा शब्द उचलला!

‘चम’ सतराव्या शतकातल्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा. बहुधा ‘चेंबर-फेलो’चे, म्हणजे एका खोलीत राहणाऱ्याचे, ते लघुरूप. आपली मुले ‘रूम पार्टनर’ म्हणतात, तोच प्रकार. ‘कॉम्रेड’ही मुळात खोलीसोबतीच, लाल बावटा त्याच्या हाती फार उशिरा आला.

पण माझा जीव जडला आहे तो ‘मेट’वर. हा शब्द चौदाव्या शतकात उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून आला. ‘मीट’ म्हणजे पूर्वी केवळ मांस नव्हे, कुठलेही अन्न. आणि ‘मेट’ म्हणजे त्या अन्नाचा वाटेकरी. आपण ‘एका ताटात जेवलेले’ म्हणतो ना, अगदी तेच.

ऑस्ट्रेलियात तर या शब्दाला राष्ट्रीय प्रतिष्ठा आहे. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना राज्यघटनेच्या नव्या प्रास्ताविकात ‘मेटशिप’ हवी होती. हा पुरुषी शब्द आहे, अशी टीका झाली आणि तो मसुद्यातून गळला. पुढे सार्वमतात ते प्रास्ताविकही पडले. २००५ मध्ये कॅनबेराच्या संसदभवनातल्या सुरक्षारक्षकांना फर्मान निघाले, की कुणाला ‘मेट’ म्हणायचे नाही. त्यावर खासदारच इतके खवळले, की ते लगेच मागे घ्यावे लागले.

या शब्दाची दुसरी बाजू माझ्या भाच्याने अनुभवली. तो मेलबर्नला नोकरीला लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी साहेबाने ‘मेट’ म्हणून पाठीवर थाप मारली. पोरगे हरखले. “मामा, इथे साहेब दोस्तासारखे वागतात,” असे त्याने मला फोनवर सांगितले. सात-आठ महिन्यांनी कामे कमी झाली. त्याच साहेबाने त्याच प्रेमळ आवाजात ‘सॉरी, मेट’ म्हणून लिफाफा हातात ठेवला. नोकरी गेली याहून त्याला तो ‘मेट’ जास्त लागला. (मी आयुष्यभर बँकेत थकबाकीदारांना जप्तीच्या नोटिसा पाठवल्या, त्यांची सुरुवातही ‘प्रिय महोदय’ अशीच असे. पण कुणी महोदय त्या ‘प्रिय’ला भुलला नाही.)

भाच्याला दुसरी नोकरी मिळाली, पण कान तयार व्हायला दोन वर्षे लागली. पट्कन म्हटलेला ‘मेट’ म्हणजे नुसता नमस्कार. लांबवलेला ‘मे…ट’ म्हणजे भांडणाची नांदी. लोकलच्या दारात कुणी ‘ओ भाऊ, जरा नीट’ म्हणाले, की आपण समजतो तसे. आणि खरा मेट? शेजारचा एक म्हातारा आहे. भाच्याचे सामान हलवायला तो स्वतःची गाडी घेऊन आला, दिवसभर खपला आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर जमिनीवर बसून पिठलं-भात जेवला. तो मात्र भाच्याला नावानेच हाक मारतो, आणि तेही चुकीच्या उच्चारात.