हाताची आज्ञा, कानाची साक्ष

कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून माझा बराच वेळ भोवळीच्या रुग्णांना एकच गोष्ट समजावण्यात जातो. आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका परस्परांशी साधारण काटकोनात वसलेल्या असतात. मान वळली की त्यांतील द्रवामुळे मेंदूला त्या वळणाची वर्दी मिळते. कागदावरच्या आकृतीतून हे उमगत नाही. त्यातून आमच्या बेळगावात एक रुग्ण मराठी बोलणारा, तर दुसरा कन्नड. माऊसने चहूबाजूंनी फिरवून पाहता येईल असा त्रिमितीय कान संकेतस्थळावर मांडला, तर निम्मे काम डोळेच करतील, असे मला वाटले. पुण्यात संगणक अभियंता असलेल्या माझ्या भाच्याने ही कल्पना उचलून धरली.

‘वेबजीएल’ हे मानक 2011 साली जाहीर झाल्यापासून वेगळे सॉफ्टवेअर न बसवता ब्राउझरमध्येच अशी चित्रे दाखवता येतात. भाच्याने ‘थ्री डॉट जेएस’ या विनामूल्य साधनाचा आधार घेतला. पहिल्याच दिवशी त्याने माझा एक गैरसमज दूर केला. “मामा, कान जागचा हलत नाही. त्याच्याभोवती एक काल्पनिक कॅमेरा फिरतो. तुम्ही माऊस उजवीकडे ओढलात की कॅमेरा डावीकडे जातो, म्हणून कान उजवीकडे वळल्यासारखा भासतो.” शरीर स्थिर आणि दृष्टी फिरती! माझ्या व्यवसायाच्या माणसाने तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

मी झालो नाही. खानापूर तालुक्यातून आलेल्या एका आजींसमोर मी मोठ्या हौसेने पडदा उघडला. मिनिटभरात त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. “थांबवा की ते, डॉक्टर! बसल्या जागी घर फिराय लागलंय.” भोवळीवर उपचारासाठी आलेल्या रुग्णाला मीच भोवळ आणली होती.

कारण शोधायला पुस्तक उघडावे लागले नाही. डोळे सांगतात ‘मी फिरतो आहे’, नलिका साक्ष देतात ‘मी स्थिर आहे’. चोर्ला घाटात गाडी चालवणाऱ्याला सहसा मळमळत नाही. शेजारी बसलेल्याला मळमळते. चालकाचा हात वळण घेण्याआधीच मेंदूला ते ठाऊक असते. आमच्या पडद्यावर मी चालक होतो आणि आजी घाटातल्या प्रवासी. पण दोष तेवढाच नव्हता. रात्री भाच्याबरोबर तपासणीला बसलो, तेव्हा आणखी तीन सापडले.

पहिला दोष असा, की माऊसची कळ न दाबताही, बाण नुसता सरकला तरी कॅमेरा कलत असे. बाजूचे बटण गाठायला जावे, तर सारे दृश्य डोलू लागे. आता कळ दाबून ओढल्याशिवाय काहीच हलत नाही. पडद्याच्या उंचीइतके ओढले की पूर्वी एक पूर्ण फेरी होई. ती आम्ही अर्ध्यावर आणली.

दुसरा दोष फसवा होता. हात थांबल्यावर कॅमेरा झटक्याने न थांबता हळूहळू विसावा, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये उरलेला वेग 5 टक्क्यांनी घटवला होता. भाच्याच्या संगणकावर सेकंदाला 60 फ्रेम उमटत. सेकंदाअखेरीस 5 टक्क्यांहून कमी वेग उरे. माझ्या दवाखान्यातील जुन्या यंत्रावर जेमतेम 20 फ्रेम उमटत, त्यामुळे सुमारे 36 टक्के वेग शिल्लक राही. हात थांबला तरी कान घसरतच राही! आता किती फ्रेम गेल्या हे न मोजता किती वेळ गेला हे मोजले जाते.

तिसरा दोष ध्रुवाचा. कॅमेऱ्याची जागा पृथ्वीगोलावरील अक्षांश-रेखांशांप्रमाणे दोन कोनांनी ठरते. तो माथ्यावरून पलीकडे गेला की चित्र अवचित उलटते. म्हणून ध्रुवाच्या काही अंश अलीकडेच त्याला अडवले. कोणत्याही दिशेने मुक्तपणे फिरवण्याची ‘आर्कबॉल’ ही पद्धत केन शूमेक यांनी 1992 साली मांडली आहे. परंतु तीत क्षितिज तिरपे होऊ शकते, आणि आमच्या रुग्णांना नेमके तेच नको होते. योगायोग असा, की डॉ. जॉन एप्ली यांनी नलिकेतील कण डोके वळवून मूळ जागी नेण्याच्या पद्धतीवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला, तोही 1992 सालीच.

ज्यांना हालचाल सोसत नाही त्यांच्यासाठी संगणकात व मोबाइलमध्ये हालचाल कमी ठेवण्याची सोय असते. संकेतस्थळाला ती निवड वाचता येते. ती चालू असेल तर आमचा कॅमेरा हाताबरोबर जागीच थांबतो.

एप्लींच्या पद्धतीने आजींची भोवळ शमली. फेरतपासणीला त्या आल्या, तेव्हा मी माऊस त्यांच्याच हाती दिला. जन्मात प्रथमच त्यांनी तो धरला होता. अंगठीतला खडा निरखावा तसा त्यांनी कान सावकाश वळवला, मागच्या नलिकेशी थांबल्या आणि म्हणाल्या, “ते कण हितंच अडकलं होतं व्हय?”

व्यवसायबंधूंनो, इतकी वर्षे आकृत्या काढून मला जो प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो हाच. आता दवाखान्यात माऊस टेबलाच्या त्या बाजूला, रुग्णाच्या हाताशी ठेवलेला असतो.